धारहून आलेले अठरा मेल

चपला बाहेर, भिया, चपला बाहेर काढ — हां, आणि त्या स्टुलावर बस, खुर्ची माझी आहे. तर गेटवर काय शब्द वापरलास तू? अन्याय. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन बस बदलून माणूस जेवणाच्या सुट्टीत येतो आणि आणतो काय, तर अन्याय. मी गोपाळराव शिरवळकर, बावीस वर्षं झाली या फॅक्टरीत, गिअर बनतात इथं, आणि चारशे माणसांचे मेल या दोन डब्यांतून येतात-जातात. त्या डब्यांना माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, जीएमसाहेबसुद्धा विचारून आत येतात, आणि तू मला सांगणार मेल कसे घ्यायचे ते. नाव काय म्हणालास? अभिषेक. धारला कम्प्यूटर क्लास, त्यातच नेटचं दुकान, आणि वर गावातल्या शंभरेक लोकांना मेलचा पत्ता विकतोस — म्हणजे एका गाळ्यात तीन धंदे, आणि तिन्हीत तुला काय येतं, तर पावती फाडता येते. रागावू नकोस. मी सगळ्यांशीच असं बोलतो.

बरं, तुझं म्हणणं काय, तर माझी यादी फार कडक आहे. आहेच. कडक नसायला काय झालं? तू एकदा बघ तरी रोज काय येतं ते. टकलावर केस उगवायचं औषध येतं, न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस येतं, कुठल्या तरी परदेशी राजपुत्राचा खजिना येतो आणि तो सांभाळायला त्याला अख्ख्या दुनियेत आमच्या स्टोअरचे तात्यासाहेबच सापडतात. आणि तात्यासाहेब काय करतात? उत्तर देतात. 'आपले कृपापत्र मिळाले' असं लिहून खाली पासबुकाचा नंबर देतात. ही अशी माणसं सांभाळतो मी. यांना चांगल्या-वाईटाची निवड करू द्यायची म्हणतोस? लहान पोराच्या हातात काडेपेटी देऊन म्हणायचं, बाबा रे, विचार करून पेटव.

आता यादी म्हणजे काय, ते तुला माहीत असेल, नसेलही — परदेशात काही माणसं आहेत, ती नोंद ठेवतात, कोणत्या पत्त्यावरनं घाण येते त्याची. आपला सर्व्हर त्यांना विचारतो, हा कोण, आणि ते म्हणाले चोर, की आपण दार लावायचं. मवाळ याद्याही आहेत, त्या फक्त चोराचं घर लिहितात. माझी आहे ती चोराची गल्ली लिहिते. तुझ्या गल्लीत दोनशे छप्पन पत्ते, त्यातला एक कोण तरी इंदूरचा लॉटरीवाला, त्यानं घाण केली, बाकीचे दोनशे पंचावन्न बंद. हो, बंद. त्यांचा गुन्हा काय विचारतोस? शेजारी राहिले हा गुन्हा. शेजाऱ्यांना झळ लागली की ते लाइनवाल्याच्या, म्हणजे ज्यानं सगळ्या गल्लीला इंटरनेट दिलंय त्याच्या, छातीवर बसतात, याला हाकल म्हणतात, आणि तो हाकलतो. त्याशिवाय हाकलत नाही, मी वीस ठिकाणी पाहिलंय. आमच्या या देवासला एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती नि धाकटी पाती, रस्त्याच्या या अंगाला एक राजा नि त्या अंगाला दुसरा — माझ्या बायकोचे आजोबा सांगायचे, चोर रस्ता ओलांडून गेला की शिपाई मधोमध उभा राहून त्याच्याकडं नुसता बघायचा. ते मवाळ यादीवाले तसले शिपाई आहेत. मला नुसतं बघत उभं राहता येत नाही.

काय? यादीत नाही? कोण म्हणतं धार यादीत नाही? दाखव. हं. हं, बरोबर आहे, काढलीय. मागच्या वर्षी मार्चमध्येच काढलीय, मला माहीत आहे, मला काय दाखवतोस. त्यांनी काढली म्हणून मी काढावी असं कुठं आहे? मी वेगळी फाइल ठेवतो माझी. तिच्यात धार आहे. हातानं घातलीय. माझा सर्व्हर, माझी फाइल — आणि कारण तुला सांगायला मी बांधील नाही. खरेदीवाल्यांनी तक्रार केली का? नाही. उमाबाईंनी केली? उमाबाई कोण? अच्छा, ती पुठ्ठ्याचे खोके बनवणारी बाई, धारची, तिचं कोटेशन आमच्या खरेदीला पोचलं नाही म्हणून खोक्यांचं काम दुसऱ्याला गेलं. वाईट झालं. आठ बायका बसल्या का घरी? वाईट झालं. फॅक्स करायचा होता.

नकार? अरे नकार का नाही दिला म्हणजे काय. हे बघ, आवाज चढवू नकोस, एसीच्या खोलीत आवाज घुमतो. तू म्हणतोस, ज्यांना ज्यांना मी अडवतो त्यांचे मेल परत जातात, वर कारण लिहिलेलं असतं, फक्त धारचे परत येत नाहीत, माझा सर्व्हर म्हणतो मिळाला, धन्यवाद, आणि पुढं मेल कुठं जातो ते कोणाला कळत नाही. उमाबाई वाट बघत राहिली, तिला वाटलं कोटेशन पोचलं, वाचताहेत. ते — ते तांत्रिक आहे. तुला नाही समजणार. फाइलमध्ये पत्त्यापुढं एक शब्द लिहायचा असतो, 'नकार' लिहिलं की परत जातो, 'फेक' लिहिलं की घेऊन फेकून देतो. धारपुढं 'फेक' आहे. चुकून नाही पडलं ते. चुकून मी काही करत नाही.

आण तो अर्ज. तोंडी काय बडबडतोस, लिहून आणलंयस ना, आण इकडं. — हं. हे बरं आहे. तारीख आहे, वेळ आहे, सेकंदासकट आहे, कोणत्या सर्व्हरनं काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं आहे. उमाबाईच्या मेलनंतर तीन वेळा तपासून पाहिलंय, दर वेळी एकच गोष्ट बदलून पाहिलीय. असं कोणी करत नाही रे. इंदूरच्या मोठ्या कंपन्यांतले लोक येतात, टाय लावून, ते म्हणतात 'मेल जात नाही साहेब', बस, एवढंच, कुठून, कधी, कोणाला, काही नाही. हे तू नाही लिहिलंस. तुला मराठी वाचताना अडखळायला होतं, मघाशी माझ्या दारावरची पाटी बोट लावून वाचत होतास, मी बघितलं आतून. आणि ही वेळ लिहायची पद्धत — दुपारचे दोन असेल तर चौदा लिहायचं, आणि मध्ये टिंब नाही, दोन ठिपके, आणि ओळीखाली रेघ मारायची पट्टीनं, हातानं नाही —

कशी आहे ती?

नाही, कोण म्हणजे कोण, देवश्री. तुझ्या क्लासात शिकवते ना. सर्व्हर पण तीच बघते? वाटलंच. तुझ्या बापानं बघितला नसता असा. तिला मी शिकवलंय, दहावीत होती तेव्हा, या इथं, या स्टुलावर बसून. मुलगी आहे ती माझी. माहीत होतं तुला? सगळं माहीत असून गेटवर 'गोपाळराव शिरवळकरसाहेब आहेत का' असं तोंड करून विचारलंस. शाबास. तिनंच सांगितलं असेल, ओळख काढू नका म्हणून. मग ऐक आता. तुझ्या त्या अन्यायाचं मूळ ऐकूनच जा.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात ती गेली. पळून नाही गेली — सांगून गेली, समोर उभी राहून, बाबा मी धारच्या सार्थकशी लग्न करतेय म्हणाली. सार्थक कोण? तर धारला त्यांचं टेंट हाउस आहे. पूर्वी दरबारचे तंबू शिवायचे म्हणे त्यांचे लोक, राजाबरोबर आले होते, ते मोठ्या कौतुकानं सांगतात — आता लग्नात खुर्च्या भाड्यानं देतात. मी मुलीला इंजिनिअर केली, इंदूरच्या कॉलेजात घातली, ते खुर्च्या मोजायला? म्हटलं नाही. ती म्हणाली, विचारत नाहीये, सांगतेय. मग मी काय केलं, देवापुढं बसलो, ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्या नावानं सोडलं. आमच्यात पाणी सोडलं म्हणजे संपलं, माणूस जिवंत असो की नसो. आणि बोललो, प्रेमलाच्या समोर, माझ्या बायकोच्या, की यापुढं तिचं अक्षर मी हातात घेणार नाही. पोस्टानं दोन पत्रं आली. पोस्टमनला सांगितलं, परत ने. त्यानं वर लाल शाईनं लिहिलं, 'लेने से इनकार'. सही केली मी.

मग मेल आला. फेब्रुवारीत. तेव्हा धार खरंच यादीत होती, माझा काही हात नव्हता त्यात, यादीनं अडवला, नकार गेला, कारणासकट. मला कळलं लॉगमध्ये — लॉग म्हणजे सर्व्हरचा रोजनामचा, कोणाकडनं आला, कोणाला, किती वाजता, केवढा, एवढंच लिहिलेलं असतं, आतलं काही नाही. सकाळी मी तोच वाचतो, पेपराच्या आधी. तर त्यात नाव. कोणाकडनं, देवश्री. कोणाला, गोपाळ. मी ती ओळ — असू दे. त्यानंतर चाळीस दिवस काही नाही. नकार मिळाला ना तिला, ती समजली, थांबली. चाळीस दिवस मी लॉग वाचतोय नि आपण काय शोधतोय ते आपलं आपल्यालाच कबूल करत नाहीये. आणि मार्चात त्या लोकांनी धार यादीतनं काढली, तिलाही ते कळणारच. म्हणजे आता तिनं पाठवला तर सरळ माझ्या डब्यात येणार, उघडावा लागणार. आणि मी तर बोलून बसलेलो. मग मी काय करायचं, सांग? आत येऊ दिला तर शब्द मोडतो. नकार दिला तर ती थांबते. म्हणून 'फेक' लिहिलं. लॉगमधली ओळ म्हणजे काही पत्र नव्हे. तिचं अक्षर मी घेतलं नाही. फक्त ती लिहितेय एवढं दिसत राहिलं.

हस. हस खुशाल. मवाळ यादी, कडक यादी, दोनशे छप्पन घरं, लाइनवाल्याच्या छातीवर बसा — हे सगळं मी इंदूरच्या मीटिंगमध्ये उभा राहून बोलतो आणि लोक लिहून घेतात. बरोबरच आहे ते. अजूनही बरोबरच आहे. तुझ्या गल्लीला लागू नाही, एवढंच.

सतरा आले त्यानंतर. पहिला परत गेलेला धरून अठरा. बहुतेक संकष्टीला — त्या दिवशी माझा उपास असतो, उपासाला मी कमी चिडतो अशी तिची लहानपणापासूनची समजूत आहे, कोणी करून दिली कोण जाणे. पहिला नऊ केबीचा होता. नऊ केबी म्हणजे भिया, चार पानं होतात, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मग सहा. मग चार. पावसाळ्यात एक सात आला होता, तेव्हा मला वाटलं काही तरी झालं असेल, आजारी असेल, मी दोन दिवस जेवलो नाही नीट. पुढं पुन्हा कमी कमी. या एप्रिलमध्ये एकच केबी. एका केबीत काय मावतं? बाबा, बरी आहे, तुम्ही बरे असाल. मावतं एवढं. आणि दिवाळीत एक तीनशे बारा केबीचा होता. तो मजकूर नव्हता, मजकूर एवढा नसतो, तो फोटो असणार. सात महिने झाले, मी जेवताना, स्कूटरवर, कुठंही असलो तरी, हा फोटो कशाचा असेल ते — तुझ्याच दुकानात स्कॅन केला असेल ना? तुला ठाऊक असेल.

बोल ना. कशाचा होता?

प्रेमला? कोण प्रेमला? माझी? नाही, तुझी काही तरी गफलत होतेय, ती दुसरी कोणी असेल, सासू असेल तिची. प्रेमला महिन्यातनं एकदा सोनकच्छला जाते, बहिणीकडं, मी स्वतः सोडतो तिला बसवर, डबा असतो बरोबर. सोनकच्छ कुठं नि धार कुठं, एक उगवतीला नि एक मावळतीला, चुकून तरी माणूस — निळी साडी, पांढरी किनार? दिवाळीच्या आधी, देवश्रीच्या घरी, तुळशीपाशी दोघी. सार्थकनं काढला फोटो. आणि दर महिन्याला येते. डब्यात काय असतं, तेही माहीत असेल तुला. चकल्या? तूही खाल्ल्यास? चकलीच्या भाजणीचं पीठ मी दळून आणलेलं आहे ते. काय बायको आहे. दीड वर्ष घरात बसून माझ्या तोंडाकडं बघून म्हणते, आपण शब्द दिला तो पाळायचा. आणि मी पुढच्या स्टँडवर ती उतरते का, नि इंदूरची बस पकडते का, हे बघायला कधी गेलो नाही. चारशे माणसांचे मेल तपासतो मी.

म्हणजे पाणी सोडलं ते मी एकट्यानंच.

आणि तिला काय वाटत होतं? देवश्रीला? सर्व्हर स्वतः बघत असून तुला विचारायची? क्लास सुटल्यावर विचारायची, मेल गेला ना सर, परत तर नाही आला? आणि तू म्हणायचास, परत नाही आला म्हणजे पोचला. बरोबर आहे, कोणीही हेच म्हणेल. पोस्टाची पत्रं परत आली होती, मेल परत येत नाहीत, म्हणजे बाबा निदान घेताहेत, वाचताहेत, उत्तर न द्यायचा मानीपणा सुटत नाही एवढंच — असं धरून चालली ती. सव्वा वर्ष. आणि मग उमाबाईचं कोटेशन गेलं नि परत आलं नाही नि पोचलंही नाही. तिनं तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासल्यावर तिला कळलं असणार. उमाबाईचं जिथं गेलं तिथंच आपले सतरा गेले. पुढं काय केलं? मग अर्ज लिहायला घेतला. बरं.

गेल्या रविवारी संकष्टी होती. फॅक्टरीला सुट्टी. तरी मी येऊन बसलो, शिपायाकडनं किल्ली घेतली, दिवसभर लॉग उघडा ठेवला. काही आलं नाही. म्हणून आज गेटवरनं 'धारहून कोणी आलंय' म्हणाले तेव्हा आत पाठवा म्हटलं. नाही तर तुझ्यासारखे रोज चार हाकलतो.

शेवटची ओळ राहिली वाचायची. थांब, चष्मा. 'आमचा पत्ता आपल्या फाइलमधून काढावा असा आमचा आग्रह नाही. परंतु मेल घ्यायचे नसतील तर स्पष्ट नकार द्यावा, म्हणजे पाठवणारा वाट बघत राहणार नाही.' बघ. मागितलं काय तिनं, तर नकार. उमाबाईसाठी मागितलाय. स्वतःचं एक अक्षर नाही कुठं. खाली सही पण तुझी आहे.

तिच्याकडं त्या मेलच्या कॉपी असतील ना? पाठवलेले मेल राहतात पाठवणाऱ्याकडं, तुझ्या सर्व्हरवर राहतात, मला शिकवू नकोस, राहतात. तू म्हणशील तर ती — काढून टाकले? कधी? अर्ज लिहिला त्याच दिवशी. सगळे? ती काढते म्हटलं की सगळं काढते, मागं काही ठेवत नाही, ते मला ठाऊक आहे. माझ्याकडं ओळी आहेत. वेळा आहेत नि केबी आहेत. छापून ठेवल्यात, त्या कपाटात.

बस, उठू नकोस अजून. तुझं काम करतो. ही बघ फाइल. ही धारची ओळ. 'फेक' खोडायचं नि 'नकार' लिहायचं, एवढंच काम आहे, दहा सेकंदांचं — हां. काढली. ओळच काढली. नकार नाही लिहिला. बघतोस काय, धार उघडी आहे आता, उमाबाईला सांग खोक्यांचे भाव पाठव, लॉटरीवाल्यालाही सांग. आता तपासून बघायला पाहिजे. तो फोन घे. क्लासचा नंबर लाव, शून्य दाबून लाव. तिला म्हणावं, इथनं काढलीय, एक मेल पाठवून बघ. माझ्या पत्त्यावर म्हणावं. नाही, मी नाही बोलणार, तू बोल. तू सांग. गोपाळरावांनी सांगितलंय म्हणून सांग.

पाठवते म्हणाली? आणखी काय म्हणाली? बरं म्हणाली. बरं.

दोन-तीन मिनिटं लागतात. तुमच्या धारची लाइन म्हणजे बैलगाडी आहे. — आला. आला बघ, ही ओळ, धार. कोणाकडनं — क्लासच्या नावानं आलाय, तिच्या नावानं नाही. कोणाला — पोस्टमास्टर. पोस्टमास्टर म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याचा पत्ता, जो कोणी असेल त्याचा, उद्या मी रिटायर झालो तर माझ्या जागी येईल त्याचा. बरोबर आहे, तपासणी अशीच करतात, कोणा माणसाच्या नावावर करायची नाही, मीच सांगितलं होतं. उघडतो. 'टेस्ट एक. वेळ चौदा बारा.' हं. खाली सरकवून बघतो, कधी कधी खाली असतं काही. — नाही. एवढंच आहे.

हो, सांग तिला पोचला म्हणून. नाही, थांब, मीच कळवतो, उत्तर पाठवतो, दोन ओळी — काय लिहू? 'पोचला' लिहू? की — राहू दे. टेस्टला कोणी उत्तर देत नाही. ऊठ तू. चपला घाल नि नीघ, इंदूरची बस चुकेल तुझी. ऊठ ना रे, आता काय बघत बसलास माझ्याकडं.